नावाची सूट

मालनताईंच्या नावापुढे पिवळा दिवा लागला, तेव्हा जयसिंगराव डुबल चहात खारी बुडवत होते. खारी तुटून कपात पडली, हा त्या सकाळचा पहिला अपमान. दुसरा अपमान स्वयंपाकघराच्या मांडणीवर, हळदीच्या डब्याशेजारी बसलेल्या एका डबीने केला होता. साबणाच्या वडीएवढी ती डबी, आणि तिने डुबलांच्या घरात बसून डुबलांच्या बायकोला विसरभोळी ठरवलं होतं.

डबीचं नाव 'स्मृतिवेध'. साठी ओलांडलेल्या जोडप्यांच्या घरी ती पंधरवडाभर ठेवायची, अशी नवी योजना कराडात सुरू झाली होती. डबीने मुकाट्याने घरातलं बोलणं ऐकायचं आणि शेवटी प्रत्येकापुढे एक दिवा लावायचा, हिरवा नाहीतर पिवळा. जयसिंगरावांना हिरवा मिळाला होता आणि त्यात त्यांना काही विशेष वाटलं नव्हतं. एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म काढलेला माणूस. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, हे कागद न बघता माइकवर सांगायचा. आता फलाटावर यंत्र बोलतं, तरी गावात लोक अजून त्यांना आवाजावरून ओळखतात. पिवळा दिवा त्यांच्या घरात शोभणारा नव्हता.

पूर्वी विसरण्याची तपासणी म्हणजे डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगायचं, तीन शब्द लक्षात ठेवायला द्यायचे आणि आज वार कोणता ते विचारायचं. त्यात माणूस नापास होईपर्यंत मेंदूचं बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असे. आजाराची खरी सुरुवात त्याच्या कितीतरी आधी होते, आणि पहिला धक्का बसतो तो माणसांच्या नावांना. आंबा म्हटलं की त्याला वास असतो, चव असते, आजोळचं झाड असतं. एक धागा तुटला तरी दुसरा धरून तो शब्द वर काढता येतो. माणसाच्या नावाचं तसं नसतं. जयसिंगला जयसिंग का म्हणायचं, याला काही कारण नाही. ते नाव मेंदूत एकाच खिळ्यावर टांगलेलं असतं. खिळा सैल झाला की बोलणारा नावाआधी किंचित थबकतो, आणि हळूहळू नावाला वळसा घालायला शिकतो. 'तो आपला हा', 'त्या पलीकडच्या बाई', 'तिचा धाकटा'. समोरच्याला काही कळत नाही. डबी मात्र हे थबकणं आणि हे वळसे मोजते, आणि ते फार झाले की पिवळा दिवा लावते.

हे लवकर कळण्याला आता अर्थही आला होता. मेंदूत साचणारा प्रथिनांचा गाळ काढणारं इंजेक्शन निघालं होतं. गेलेलं ते परत आणत नसे, पण जे शिल्लक आहे ते टिकवून धरत असे, तेही अगदी सुरुवातीला दिलं तरच. म्हणून पिवळा दिवा हे काही निदान नव्हतं. स्मृती केंद्रात या, रक्त द्या, मेंदूचं चित्र काढू, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

"जाऊन तर येऊया," मालनताई ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या. "रक्तच तर द्यायचंय."

"कशाला? तुला काय धाड भरलीय?"

"मला कधी कधी..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"कधी कधी काय? माझा चष्मा कधी कधी फ्रिजमध्ये सापडतो. मला हिरवा लागलाय ना?" जयसिंगरावांनी चमच्याने खारी बाहेर काढली. "केंद्राच्या दारात तुला कुणी बघितलं, की संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत होईल. डुबलांची बायको भ्रमिष्ट झाली म्हणून. यायचं नाही तिकडं."

मालनताईंनी गॅस बारीक केला. मग कणीक मळायला घेतली.

जयसिंगराव मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. चुकीची सूचना दुरुस्त केल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. दिवसभर ते कान देऊन बायकोचं बोलणं ऐकत राहिले. भाजीवाल्याला ती म्हणाली, "हे आले की पैसे देतील." शेजारणीला म्हणाली, "आमच्या ह्यांना कारलं चालत नाही." मुलीला फोनवर म्हणाली, "हे बघ, ह्यांच्याशी बोल." आणि जयसिंगरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लग्न झाल्यापासून या बाईने उखाणा सोडला तर त्यांचं नाव कधी तोंडाने उच्चारलेलं नव्हतं. डबीला वाटलं, हिला नवऱ्याचं नाव आठवत नाही.

ते तडक केंद्रात गेले. तिथे डॉक्टर नाझनीन मुल्ला होत्या. मलकापूरची पोर, वडील डेपोत ड्रायव्हर. लहानपणी फलाटावर वडिलांची वाट बघत बसलेल्या नाझनीनला जयसिंगरावांनी कितीदा तरी गोळ्या दिलेल्या.

"नाझनीन, तुझी आई तुझ्या वडलांना काय म्हणून हाक मारते?"

त्या हसल्या. "'नाझनीनचे अब्बा' म्हणते. मुद्दा कळला, काका. आईचाही दिवा पिवळाच लागलाय. तुमच्या आळीतल्या कितीतरी बायकांचा लागलाय."

"मग? हा रोग आहे का? ही रीत आहे आपली."

"रीत आहे, मान्य. म्हणूनच आईची पुढची तपासणी मी स्वतः केली. ठीक निघाली. काकूंनाही घेऊन या ना. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"ठीक निघाली ना?" जयसिंगरावांनी टेबलावर बोट आपटलं. "मग तेच म्हणतोय मी. आंधळं यंत्र."

त्यांनी नाझनीनच्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा तिथेच टेबलावर ठेवून आले. पुढचे काही महिने ते पेटले होते. वर्तमानपत्रांत पत्रं छापून आणली, ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठका गाजवल्या, पुण्याला डबी बनवणाऱ्यांच्या कचेरीत शिष्टमंडळ घेऊन गेले. "आमच्या आयाबायांच्या मर्यादेला तुम्ही आजार म्हणता?" हे त्यांचं वाक्य पुण्यातही चाललं. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं बरंचसं बरोबर होतं. पिवळा दिवा लागलेल्या बहुतेक बायका ठणठणीत होत्या. शेवटी डबीच्या गणितात दुरुस्ती झाली. साठीपुढच्या बायकांनी नवऱ्याचं आणि सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव टाळलं, तर ते मोजायचं नाही. लोक तिला 'नावाची सूट' म्हणू लागले.

"सूट दिली की डबी तेवढ्या जागी बहिरी होणार, काका," नाझनीन एकदा म्हणाल्या होत्या.

"होऊ दे बहिरी," जयसिंगराव म्हणाले होते.

नव्या गणिताने जुनेच पंधरा दिवस पुन्हा तपासले गेले आणि मालनताईंपुढे हिरवा दिवा लागला. जयसिंगरावांनी तो चार जणांना बोलावून दाखवला.

संघाने त्यांचा सत्कार ठेवला. त्या दिवशी सकाळपासून मालनताई पुटपुटत होत्या. जयसिंगरावांनी ओळखलं, उखाण्याची तयारी चाललीय. बायका आग्रह करणारच होत्या. साडी नेसताना त्यांनी विचारलं, "स्टेजवर तुमचं नाव लावलेलं असेल ना?"

"असेल म्हणजे? हे एवढ्या अक्षरांत."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. जयसिंगरावांना बायकोचं हे कौतुक फार आवडलं.

शाल झाली, नारळ झाला, संघाचे अध्यक्ष सर्जेराव लांबलचक बोलले. मग बायकांनी मालनताईंना उभं केलंच. पहिल्या रांगेतून त्या उठल्या, मान वर करून व्यासपीठाकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"कृष्णा आली वरून, कोयना आली खालून,
जयसिंगरावांचं नाव घेते वडीलधाऱ्यांचा मान पाळून."

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. सर्जेराव माइक ओढून म्हणाले, "आणि ह्यांना म्हणे आठवत नाही." सगळे पोट धरून हसले. मालनताईही हसल्या आणि पटकन खाली बसल्या. त्या क्षणाचा फोटो जयसिंगरावांनी मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला. फोटोत शाल पांघरलेले ते आणि खाली उभं राहून त्यांच्याकडे बघणारी बायको.

दोन वर्षं गेली. मालनताई कमी बोलू लागल्या होत्या, पण बायको कमी बोलते ही काही तक्रार करण्याची गोष्ट नाही, असं जयसिंगरावांचं मत होतं. स्वयंपाकात फरक नव्हता. मुलगी नाशिकहून फोन करी, तेव्हा त्या 'अगं बाळा' म्हणत. आळीतल्या सगळ्या बायका त्यांच्यासाठी 'बाई' झाल्या होत्या आणि सगळी पोरं 'सोन्या'. त्यामुळे उलट त्या फार मायाळू झाल्यात, असं लोक म्हणायचे. सकाळ-दुपार त्या अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालत. कधी कधी दुपारी पुन्हा घालत. तुळस पिवळी पडायला लागली होती.

मग एका दुपारी मंडईत जयसिंगरावांची साखर उतरली आणि ते कोथिंबिरीच्या जुड्यांवर आडवे झाले. भाजीवाल्यांनी त्यांना जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं, कुणीतरी घरी फोन केला. जयसिंगराव शुद्धीवर आले तेव्हा हाताला सलाईन होतं आणि खाटेभोवती हिरवा पडदा. पडद्याच्या पलीकडे काउंटर होता. तिथून त्यांना ओळखीचा आवाज आला.

"आमच्या ह्यांना आणलंय ना इथं?"

"पेशंटचं नाव सांगा, काकू," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"एसटीत होते. उंच आहेत. चष्मा आहे."

"हो, पण नाव? सकाळपासून चार काका आलेत. मला नावावरूनच शोधता येतं."

मालनताईंनी पदर सारखा केला. मुलगी हसली. चांगली मुलगी होती. "लाजू नका हो काकू. माझी आजीपण घेत नाही आजोबांचं नाव. उखाण्यात घ्या, म्हणजे झालं."

आत जयसिंगराव खुशीत आले. आता बायको काय म्हणणार, हे त्यांना पाठ होतं. तिने सुरुवात केली, कृष्णा आली वरून, कोयना आली खालून. मग ती थांबली. मग म्हणाली, "रावांचं नाव घेते वडीलधाऱ्यांचा मान पाळून."

"अहो काकू, नावच गाळलंत की."

"हो का," मालनताई म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून लागल्या. या वेळी आवाज बारीक होता. कृष्णा आली, कोयना आली, आणि त्याच जागी येऊन त्या पुन्हा थांबल्या. पायरी असेल असं समजून पाय टाकावा आणि तिथे पायरीच नसावी, तसं ते थांबणं होतं.

लाजणाऱ्या माणसाचा आवाज असा नसतो, हे जयसिंगरावांना पडद्याआड पडल्या पडल्या कळलं. त्यांनी हाक मारायला हवी होती. हाक मारली असती तर त्यांनी ऐकलंय हे तिला कळलं असतं, आणि त्यांना स्वतःलाही ते कळून घ्यावं लागलं असतं. म्हणून नियंत्रक जयसिंगराव डुबल, ज्यांचा आवाज अख्ख्या स्टँडवर ऐकू जायचा, छताकडे बघत गप्प पडून राहिले.

"राहू दे," बाहेर मालनताई म्हणाल्या. "मी इथं बाकावर बसते. बरं वाटलं की येतील ते बाहेर."

तेव्हा मात्र त्यांनी हाक मारली. "मालन." पडदा बाजूला झाला. "इथं आहात होय," असं म्हणून त्या खाटेवर टेकल्या आणि त्यांच्या पायावर हात ठेवला.

घरी आल्यावर जयसिंगराव बैठकीतल्या फोटोसमोर उभे राहिले. इतके दिवस रोज बघितलेला फोटो. त्यात मालन त्यांच्याकडे बघत नव्हती. तिची नजर त्यांच्या डोक्याच्या वर होती, जिथे कापडी फलकावर मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव लिहिलेलं होतं. उखाण्यातलं नाव तिने आठवून घेतलं नव्हतं, वाचलं होतं.

संध्याकाळी ती मेथी निवडत असताना त्यांनी विचारलं, "मालन, माझं नाव काय?"

"असं काय विचारता? नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं का?"

"मी विचारतोय म्हणून घे."

ती बराच वेळ मेथीच्या काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "सकाळी असतं. दुपारपर्यंत जातं. मग तुळशीला पाणी घालायला जाते आणि दारावरची पाटी वाचून येते." तिने वर बघितलं नाही. "बाकीच्यांची तर कधीच गेली. तुमचं तेवढं धरून ठेवलं होतं. कुणाला सांगू नका हं."

दुसऱ्या दिवशी ते दोघं केंद्रात गेले. पेठेतून, भरदिवसा, कुणी बघेल याची पर्वा न करता. नाझनीननी रक्त घेतलं, मेंदूचं चित्र काढलं, मालनताईंशी कितीतरी वेळ गप्पा मारल्या. अहवाल आल्यावर त्यांनी जयसिंगरावांना एकट्याला आत बोलावलं.

"इंजेक्शनची वेळ गेलीय, काका. आता दिलं तर फायद्यापेक्षा मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती जास्त. बाकीची औषधं देते. काकू अजून बरीच वर्षं तुम्हाला ओळखतील. पण जे जातंय ते जात राहील."

"तेव्हा आलो असतो तर?"

नाझनीन पडद्यावरच्या चित्राकडे बघत राहिल्या. "बहुतेक मिळालं असतं."

"बहुतेक?"

"मिळालं असतं, काका."

"म्हणजे तो पिवळा दिवा खरा होता."

"तुमचं म्हणणंही खोटं नव्हतं. बऱ्याच बायका खरंच ठीक होत्या. पण काकू दिवसभर सगळ्यात जास्त बोलतात कुणाविषयी? तुमच्याविषयी, तुमच्या माणसांविषयी. नेमकी तीच जागा आपण झाकून टाकली." नाझनीन 'आपण' म्हणाल्या, याचीही जयसिंगरावांना लाज वाटली. "सूट काढा म्हणून मी पुण्याला कितीदा कळवलं. ते घाबरतात. म्हणतात, संघ पुन्हा पेटेल. संघानेच ठराव करून मागणी केली तर लगेच काढतील. आज हिरवा दिवा घेऊन घरी बसलेल्यांत अजून काही जणी असतील ज्यांची वेळ गेलेली नाही."

"संघ माझं ऐकेल," जयसिंगराव म्हणाले. त्या क्षणी त्यांना हे दुसऱ्या कुणीतरी बोलावं असं फार वाटलं.

परतीच्या रिक्षात मालनताई बाहेर बघत बसल्या होत्या. कोल्हापूर नाक्यावर रिक्षा थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "एक विचारू का? ती डबी होती आपल्याकडं तेव्हा... मी तुम्हाला म्हटलं होतं का हो, जाऊन येऊया म्हणून? मला आपलं वाटतंय, म्हटलं होतं. ओट्याशी उभी होते मी. का मलाच भास होतोय?"

त्या अगदी सरळपणे विचारत होत्या. त्यांना खरंच खात्री करून घ्यायची होती.

"नाही," जयसिंगराव म्हणाले. "तसं काही म्हणाली नव्हतीस."

फलाट बदलल्याची सूचना द्यावी इतक्या सहज ते तोंडातून निघून गेलं. रिक्षा पुन्हा चालू झाली.

"हो का," मालनताई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवला. "मग माझंच चुकलं. सांगायला पाहिजे होतं तुम्हाला. तुम्ही नेलं असतं."

जयसिंगराव रस्त्याकडे तोंड करून बसले. हिच्याकडे आता थोडंच उरलंय, आणि त्यातलंही आपल्याला अडचणीचं होतं तेवढं आपण काढून घेतलं, हे त्यांना समजत होतं. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. तरी ते बोलले नाहीत.

त्यानंतर रोज ते ठरवायचे, आज सांगू. पण मालनताईंनी ती गोष्ट आता पक्की धरली होती, त्यांचं काय काय निसटत असताना नेमकी हीच. मुलीला फोनवर त्या म्हणाल्या, "ह्यांना बोलू नको बाळा. मीच लपवलं. ह्यांना काय माहीत?" मुलगी पलीकडे रडत होती. जयसिंगरावांनी फोन घेतला आणि औषधांविषयी बोलले. एकदा त्यांनी सुरुवात केलीही, "मालन, तू त्या दिवशी..." तर तिनेच त्यांना थांबवलं. "किती मनाला लावून घेता? झालं ते झालं. तुमचा काय दोष?" आणि जेवायला वाढलं. ते जेवले.

संघाच्या वार्षिक सभेत ठराव मांडायचा, तर कारण सांगावं लागणार होतं. जयसिंगरावांनी बायकोला विचारलं. कुणाला सांगू नका, असं म्हणणाऱ्या त्या बाईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "सांगा. मी गप्प बसले तशी दुसरी कुणी बसायला नको."

सभा त्याच सभागृहात होती. मालनताई आग्रहाने पहिल्या रांगेत बसल्या. एका कोपऱ्यात नाझनीनही होत्या. सर्जेरावांनी "नावाची सूट मिळवून देणारे शिल्पकार" अशी ओळख करून दिली आणि जयसिंगराव माइकपाशी आले. माइक त्यांना नवा नव्हता. नियंत्रकाने कसं बोलायचं हेही ते विसरले नव्हते. गाडी उशिरा धावत आहे एवढं सांगायचं, कुणामुळे ते सांगायचं नाही.

"माझ्या पत्नीला स्मृतिभ्रंश झाला आहे," ते म्हणाले. "ती माझं नाव विसरली. अडीच वर्षांपूर्वी डबीने ते ओळखलं होतं. आपण सूट घेतली आणि ते झाकलं गेलं. आता इंजेक्शनची वेळ निघून गेली आहे. ती सूट रद्द व्हावी, असा ठराव मी मांडतो." ते थांबले. सर्जेराव घाम पुसत होते. "आता कुणी विचारेल, त्यांनी स्वतः कशी तक्रार केली नाही? तर आपल्या बायका... बोलत नाहीत. हिनेही..."

त्यांची नजर खाली गेली. पहिल्या रांगेत मालन मान डोलावत होती. हो, हो, बरोबर सांगताय, मीच बोलले नाही. शाळेतल्या मुलीने गुरुजींसमोर चूक कबूल करावी तशी ती चार लोकांत मान डोलावत होती, नवऱ्याचं बोलणं नीट पार पडावं म्हणून.

जयसिंगरावांनी माइक घट्ट धरला.

"हिने सांगितलं होतं," ते म्हणाले. आवाज फाटला, तरी त्यांनी बोलणं थांबवलं नाही. "ज्या सकाळी पिवळा दिवा लागला त्याच सकाळी ही म्हणाली, जाऊन येऊया. ओट्याशी उभी होती. मला कधी कधी, असं म्हणाली आणि पुढचं सांगणार होती. मी सांगू दिलं नाही. पेठेत काय म्हणतील म्हणून मी नेलं नाही. आणि गेल्या महिन्यात हिने मला विचारलं, मी म्हटलं होतं का हो? तर मी नाही म्हणालो. हिला आठवत नाही हे बघून मी खोटं बोललो. तेव्हापासून ही स्वतःला दोष देतेय आणि मी घेऊ देतोय."

जयसिंगराव पुढे म्हणाले, "मर्यादा, मर्यादा म्हणून मी जे भांडलो, त्यात हिची मर्यादा नव्हती. माझी फुशारकी होती. ठरावाला हात वर करा अगर करू नका. पण घरी जाऊन बायकोला विचारा, आणि ती सांगेल ते ऐकून घ्या."

ते खाली उतरले. मागच्या रांगांतून एक म्हातारी उठून म्हणाली, "आमच्यात पुन्हा ठेवा ती डबी. सूट नको." तिचा नवरा तिला खाली ओढत होता, ती बसली नाही. मग एकेक करत हात वर होऊ लागले. जयसिंगरावांनी ते मोजले नाहीत. बायकोशेजारच्या खुर्चीवर बसायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं, म्हणून ते भिंतीपाशी उभे राहिले.

सभा संपल्यावर मालनताईच त्यांच्याकडे आल्या. लोक वाट देऊन बाजूला झाले. जयसिंगराव त्यांच्या चपलांकडे बघत राहिले. ती रागवेल, रडेल, निदान हात झिडकारेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. ती जे बोलली ते ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

"म्हणजे मी म्हटलं होतं," मालनताई म्हणाल्या.

"होय."

"ओट्याशी उभी होते."

"होय."

"बघा, मला आठवत होतं." त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांत नव्हता इतका मोकळा झाला होता. त्यांनी नवऱ्याचा दंड धरला आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा एकदा म्हणाल्या, "मला बरोबर आठवत होतं."

"बरोबर आठवत होतं तुला," जयसिंगराव म्हणाले, आणि त्यांना तिच्याकडे बघवेना.